कामशेतला उडायला शिकायचंय? पॅराग्लायडिंग, हँग ग्लायडिंग आणि मावळातला वारा

पश्चिमवारा

दिवाळी जवळ आली की मला निरोप यायला लागतात. "कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायचंय, कुठून सुरुवात करू?" प्रत्येकाला वेगळं लिहिताना काहीतरी राहून जातं, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहितो. मी बारा वर्षं मावळात उडतोय. मी शिकवत नाही, त्यामुळे कुठल्या शाळेची भलामण करणार नाही.

आधी जागेबद्दल. पुणे-लोणावळा लोकलने कान्हे सोडलं की पुढचं स्टेशन कामशेत. स्टेशनबाहेरून जीप मिळते, पण तुमच्या शिक्षकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर ते न्यायला येतात. दुपारी लोकल विरळ असतात, परतीची गाडी बघूनच निघा. शिंदेवाडीची टेकडी आणि टॉवर हिल ही दोन नावं तुमच्या कानावर पडतील. बहुतेकांचे पाय पहिल्यांदा इथेच जमिनीवरून सुटतात. उतार गवताळ आहेत, समोर मोकळी शेतं आहेत. पलीकडच्या पवन मावळात तुंग, तिकोना, लोहगड आणि पवनेचं पाणी. वरून ते सगळं एका नजरेत येतं तेव्हा काय वाटतं, ते लिहायचा मी अनेकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मोसम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद म्हणजे पूर्ण बंद. थंडीत सकाळी वारा बहुधा पूर्वेकडून येतो, दुपारनंतर फिरतो. फेब्रुवारी-मार्चपासून पश्चिमेचा वारा जोर धरतो. समुद्रावरून निघालेली हवा घाट चढून संध्याकाळी मावळात पोचते. म्हणून एकाच दिवसात सकाळी एक टेकडी आणि संध्याकाळी दुसरी, असं होतं. कुठल्या उतारावरून उडायचं हे वारा ठरवतो. पॅराग्लायडर नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उडतो आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. तीन-चार दिवसांच्या पहिल्या कोर्समधला मोठा भाग तुम्ही जमिनीवरच असणार. पॅराग्लायडरचा कापडी पंख पसरायचा, दोऱ्या सोडवायच्या, पंख डोक्यावर उचलायचा, तो पडला की पुन्हा पसरायचा. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. आणि एखादा पूर्ण दिवस असा जाईल की वारा बरोबर नाही म्हणून शिक्षक सगळ्यांना खाली आणतील. त्या दिवसाचे पैसे फुकट गेले असं ज्याला वाटतं त्याने शिकायला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टँडमने, म्हणजे पायलटबरोबर एकाच पंखाखाली, एकदा उडून यावं, आनंद घ्यावा, तेवढं पुरे. टेकडीवरून पळत सुटायला एका सकाळीत शिकता येतं. वारा बरोबर नाही म्हणून न उडता, पंख पिशवीत भरून खाली उतरायला मला चार वर्षं लागली, आणि मधे एक पाय मोडला. ते पुढे लिहीनच.

स्नेहल_चिंचवड

खूप वेळेवर आलेला धागा! मी डिसेंबरच्या बॅचला नाव घातलंय. माझं वजन ४७ किलो आहे. ऑफिसातले सगळे म्हणतात, तू वाऱ्याबरोबर उडून जाशील. खरंच काही धोका असतो का? आणि वजनदार लोकांना चालतं का? माझा भाऊ ९५ किलोचा आहे, त्यालाही यायचंय.

पश्चिमवारा

दोघंही या. प्रत्येक पंखाला वजनाची मर्यादा ठरलेली असते आणि ती नुसत्या माणसाची नसते. माणूस, हार्नेस (अंगाला बांधायची पट्ट्यांची बैठक), हेल्मेट, रिझर्व पॅराशूट (पंखाने दगा दिला तर उघडायचं) आणि स्वतः पंख, सगळं मिळून धरतात. सगळं सामान साधारण १५ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे तुझं गणित ६२ किलोचं आणि भावाचं ११० चं. तुला छोटा पंख, त्याला मोठा.

आकार चुकला तरच त्रास. हलक्या माणसाला मोठा पंख दिला तर तो हवेत सुस्त होतो, वाऱ्यापुढे सरकत नाही आणि खालच्या दोऱ्यांना ताण कमी मिळाल्याने झटक्यात दुमडतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी विचार, "माझ्या वजनाचा पंख आहे ना?" नाही म्हणाले तर दुसरी बॅच घे. "आज एवढ्यावर भागवून घेऊ" हे ऐकून घेऊ नकोस.

आणखी एक. पंखांचे वर्ग असतात, युरोपियन मानकानुसार ए, बी, सी, डी. ए म्हणजे सगळ्यात शांत, काही बिघडलं तर बहुतेक वेळा स्वतःहून सावरणारा. शिकताना ए. पुढची दोन-तीन वर्षंही ए किंवा साधा बी. कुणी कितीही कौतुक केलं तरी त्याच्या वर जायची घाई नको.

कोथरूडची_आई

माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. त्याने परस्पर पैसे भरलेत आणि मला आज सांगतोय. तुम्ही सगळे उत्साहाने लिहिताय, पण मला इतकंच सांगा, वर गेल्यावर तो पंख मिटला तर? आणि मी त्याला कुठले प्रश्न विचारायला लावू, म्हणजे शिकवणारे बरे आहेत की नाहीत ते कळेल?

पश्चिमवारा

ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात योग्य प्रश्न आहे. पंख मिटतो, म्हणजे त्याची एक बाजू दुमडते. खवळलेल्या हवेत हे कधीतरी प्रत्येकाच्या वाट्याला येतं. ए वर्गाचा पंख पुरेशी उंची असली तर बहुधा लगेच उघडतो. म्हणूनच नवशिक्यांना सकाळच्या आणि संध्याकाळच्या शांत हवेत उडवतात, ऊन डोक्यावर आलं की थांबवतात. जानेवारीतल्या सकाळी नऊला हवा दुधासारखी असते. त्याच टेकडीवर मार्चमधल्या दुपारी एकला अनुभवी माणूसही दोनदा विचार करतो.

मुलाला हे विचारायला सांगा. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार आयोजकांना ती करावी लागते. शिक्षकाचं स्वतःचं प्रमाणपत्र कुठलं? एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? टेकडीवर एक आणि उतरायच्या जागी एक, अशी दोन माणसं वॉकी-टॉकी घेऊन उभी असतात का? नवशिक्यालाही रिझर्व पॅराशूट देतात का, आणि ते शेवटचं उघडून पुन्हा घडी कधी घातलं? वर्षाच्या आत हवं. शेवटचा प्रश्न, "गेल्या मोसमात तुम्ही किती दिवस उडणं रद्द केलंत?" जो माणूस आकडा सांगतो, कारणं सांगतो, त्याच्याकडे मुलाला पाठवा. "आमच्याकडे रद्द होतच नाही" म्हणणाऱ्याकडे पाठवू नका.

आणि विम्याची पॉलिसी उघडून वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. मला हे हॉस्पिटलच्या बिलापाशी उभं राहिल्यावर कळलं.

इंद्रायणीकाठ

मी भौतिकशास्त्र शिकवतो, उडत नाही, पण चार वेळा टँडम केलंय. टेकडीवर माणूस वर कसा जातो ते सोपं करून सांगतो, कारण यावरच सगळी सुरक्षितता उभी आहे.

ओढ्यात मोठा धोंडा असेल तर पाणी त्याच्या समोरच्या अंगाने वर चढतं, माथ्यावरून वेगाने जातं आणि मागच्या बाजूला फेसाळून गरगर फिरतं. हवा अगदी तशीच वागते. वाऱ्यासमोरच्या उतारावर ती वर ढकलली जाते. स्थिर हवेत पॅराग्लायडर सेकंदाला साधारण एक ते सव्वा मीटर खाली येत असतो. उतारावरची हवा त्यापेक्षा जास्त वेगाने वर चढत असेल तर माणूस तरंगत राहतो, वरही जातो. माथ्यावर वारा पायथ्यापेक्षा जोरात असतो. आणि टेकडीच्या मागे जी गरगर असते, त्याला रोटर म्हणतात. तिथे पंखाला धरायला सरळ हवाच नसते.

दुसरा प्रकार थर्मलचा. उन्हाने तापलेल्या कातळावरून, नांगरटीवरून गरम हवेचे लोट उठतात. घारी त्यात पंख न हलवता घिरट्या घालत वर जातात. पायलट लोक घारींवर डोळा ठेवून असतात ते यासाठी.

सदाशिव१९५७

धाग्याच्या नावात हँग ग्लायडिंग आहे आणि त्यावर अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. ऐंशीच्या दशकात आम्ही मावळात आणि पुण्याच्या आसपास हँग ग्लायडर उडवायचो. आज कामशेतच्या आकाशात तुम्हाला बहुतेक कापडी पंखच दिसतील, पण आमची सुरुवात ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून झाली.

फरक सांगतो. पॅराग्लायडरला सांगाडाच नसतो. पुढच्या तोंडातून हवा कप्प्यांत भरते आणि त्या हवेच्या दाबाने पंखाला आकार येतो. माणूस खाली हार्नेसमध्ये बसलेला. हँग ग्लायडरला नळ्यांचा त्रिकोणी सांगाडा, त्यावर ताणलेलं डॅक्रॉनचं शीड आणि शिडात घातलेल्या पट्ट्या. माणूस पोटावर आडवा टांगलेला आणि हातात एक त्रिकोणी दांडी. अंग डावीकडे नेलं की डावीकडे वळतो, दांडी छातीकडे ओढली की वेग वाढतो. पॅराग्लायडर ताशी ३५-४० किलोमीटरने सरकतो, आम्ही सहज ६०-७० गाठायचो. शिकाऊ पॅराग्लायडर एक मीटर खाली येताना आठ मीटर पुढे जातो, चांगला हँग ग्लायडर बारा-पंधरा. हँग ग्लायडरने अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१२ साली एका उड्डाणात ७६० किलोमीटरच्या वर अंतर कापलंय. शिवाय सांगाडा असल्याने पंख दुमडत नाही.

मग गेलं का? वजन तीस किलोच्या घरात. घडी घातली तरी लांबी साडेपाच मीटर, जीपच्या टपावर बांधून न्यायचा, मागे लाल फडकं लावायचं. जोडायला अर्धा तास. उतरायला लांब मोकळं मैदान लागतं, कारण वेग जास्त. आणि शिकायला महिने. तिकडे १९७८ मध्ये फ्रान्समधल्या म्यूसी गावात काही पॅराशूटवाल्यांनी विमानाऐवजी डोंगरावरून पळत पॅराशूट उघडलं. त्यातून जे निघालं ते पाठीवरच्या पिशवीत मावतं, लोकलने नेता येतं. पुढे सगळी मुलं तिकडे वळली, साहजिकच होतं.

एक गोष्ट मात्र तुम्हा पॅराग्लायडिंगवाल्यांनीही आमच्याकडून घ्यावी. हँग ग्लायडिंगमधली सगळ्यात वाईट चूक म्हणजे स्वतःला ग्लायडरला अडकवायचंच विसरणं. चेष्टा नव्हे. माणूस सगळं जोडतो, वारा बघतो, कुणीतरी हाक मारतं, तो हार्नेस घालून तसाच दांडी धरून पळत सुटतो. म्हणून आम्ही हँग चेक करायचो. उडण्याच्या जागीच एकाने पुढून ग्लायडर धरायचा आणि उडणाऱ्याने दांडीमागे पूर्ण आडवं होऊन लोंबकळायचं. छाती दांडीच्या किती वर आहे ते बघायचं, हाताने मागे चाचपून कॅरबिनरचं, म्हणजे हार्नेस ग्लायडरला अडकवणाऱ्या कडीचं, कुलूप फिरवून बघायचं. मग उठायचं आणि त्यानंतर पळेपर्यंत मधे काहीही करायचं नाही. हेल्मेट काढायला लागलं, पाणी प्यायला गेलात, की पुन्हा आडवं. माझे गुरुजी पाचव्यांदाही करायला लावायचे.

पश्चिमवारा

काका, मनापासून आभार. आमच्याकडे त्याच जागी मांडीचे पट्टे आहेत. हार्नेसला छातीचा एक आणि मांड्यांचे दोन पट्टे असतात. मांडीचे राहिले तर जमिनीवर उभं असताना काहीच कळत नाही, कारण भार खांद्यांवर असतो. पाय सुटले की माणूस हार्नेसमधून खाली घसरतो आणि काखांवर लटकतो. माझी सवय अशी आहे. हार्नेस खांद्यावर गेला की दुसरं काहीही करायच्या आधी मांडीचे पट्टे. खटका वाजला तरी ओढून बघायचा. मग छातीचा. आणि उतरल्यावर मांडीचे सगळ्यात शेवटी सोडायचे. म्हणजे अंगावर हार्नेस आहे तोवर मांड्या बांधलेल्याच. पळण्याआधी दोन्ही हातांनी दोन्ही मांड्यांवर एकदा थाप मारायची. बारा वर्षांत ही थाप मी एकदाही चुकवलेली नाही.

रोहन_हडपसर

आमच्या हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे ना, मग कामशेतला का जायचं? तिथेच शिकता नाही येणार?

सदाशिव१९५७

ते वेगळं, बाळा. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं आहे. तिथे खरं विमानासारखं ग्लायडर असतं. पंख ताठ, आत बसायला कॉकपिट, इंजिन नाही. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, लांब दोर ओढून ते वर चढवतात आणि वर गेल्यावर दोर सोडून देतात. डोंगर लागत नाही, धावपट्टी लागते. फार सुंदर प्रकार आहे, जरूर जा. पण पाठीवर पंख घेऊन डोंगर चढायचा तो खेळ हा नव्हे.

स्नेहल_चिंचवड

आणि सिंहगडावरून का नाही उडत कुणी? किती जवळ आहे!

पश्चिमवारा

सिंहगडाखाली खडकवासला, तिथे एनडीए. शहराच्या दुसऱ्या टोकाला लोहगाव, हवाई दलाचा तळ. पुण्याभोवतीचं आकाश मोकळं दिसलं तरी मोकळं नाही. मनात आलं त्या टेकडीवरून उडायचं नसतं. ठरलेल्या जागीच जा.

पवनमावळ_शेतकरी

आमचं खाचर उतरायच्या वाटेवर आहे. पोरं उडतात त्याचं आम्हाला कवतिकच आहे, माझा पुतण्या आता टँडमवाल्यांकडे कामाला आहे. पण ऑक्टोबरात भात उभा असतो. इंद्रायणी कापायला यायला पंधरा दिवस राहिलेत आणि कुणीतरी मधोमध उतरतं. त्याच्या पायाखाली मोडतं तेवढं नाही, पण मागून ते एवढं मोठं कापड पसरतं, मग चारजण ते गोळा करायला येतात, दोऱ्या लोंब्यांत गुततात, ओढल्या की दाणा गळतो. कधी सॉरी म्हणतात, कधी तेही नाही. एवढंच म्हणणं आहे, आधी विचारा, आणि नुकसान झालं तर घरी येऊन सांगा.

पश्चिमवारा

दादा, तुम्ही लिहिलंत हे बरं केलं. मी हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

नवीन येणाऱ्यांनी नीट ऐका. या टेकड्यांवर आपण उडतो ते गावांनी उडू दिलं म्हणून. दिवाळीच्या आसपास भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात, तोवर ठरलेल्या पडीक जागेवरच उतरायचं. तिथपर्यंत उंची पुरणार नसेल तर लवकर ठरवून दुसरं पडीक रान शोधायचं. नंतरही काही खाचरांत हरभरा, मसूर असतो, वरून ते नुसतं ओलसर हिरवं दिसतं. बांध आडवे असतात, पाय मोडायला एक बांध पुरतो. चुकून पिकात उतरलात तर पंख पसरू देऊ नका. जमिनीला पाय लागताच वळून मागच्या दोऱ्या ओढा, कापड हातात गोळा करा आणि ज्या वाटेने कमी तुडवलं जाईल तिने एकट्यानेच बाहेर या. मग घर शोधून जा आणि भरपाई द्या.

तारांबद्दलही सांगतो. मावळातून विजेच्या मोठ्या लाइनी जातात, शिवाय रेल्वे आणि एक्सप्रेसवे. वरून तार दिसत नाही. खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहे असंच धरायचं. शेतातल्या मोटारीकडे जाणारी एकच बारीक लाइन सगळ्यात फसवी.

कोथरूडची_आई

तुमचा पाय कसा मोडला ते लिहीन म्हणाला होतात.

पश्चिमवारा

लिहितो, ताई.

माझा चौथा मोसम होता. मार्चमधला शनिवार. अर्धा दिवस रजा टाकून, ट्रॅफिकमधून तीन वाजता टेकडीवर पोचलो. दोन आठवडे उडणं झालं नव्हतं. वर चार-पाच जण पिशव्यांवर बसून होते. माझ्यापेक्षा दुप्पट वर्षं उडणारा एक जण म्हणाला, "थांब, अजून वाढतोय." वाऱ्याचा मीटर हातात धरला, ताशी २२ दाखवत होता. मनात म्हटलं, २२ तर चालतो. मीटरकडे बघितलं, पण तिकडे पवनेच्या पाण्यावर पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या होत्या ते बघितलं नाही. दर पाच मिनिटांनी गवत दोन-तीन सेकंद पूर्ण आडवं होत होतं, तेही डोळ्यांसमोर होतं.

पंख डोक्यावर आला आणि पाऊल न टाकताच मी उचलला गेलो. दहा मिनिटं स्वर्ग. सरळ वर, वर, वर. मग लक्षात आलं की खालचं काटेसावरीचं झाड तिथेच आहे. मी पुढे जातच नव्हतो. माझा पंख ताशी ३६ ने पुढे जाणार आणि वर वारा ३६ चाच, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने मी उभा. तेव्हाच स्पीड बार (पंखाचा वेग वाढवणारी पायाखालची दांडी) दाबून टेकडीपासून पुढे दरीवर निघून जायला हवं होतं. मी थांबलो. उंची मिळतेय तर घेऊ असं वाटलं. अजून वर गेलो, वर वारा अजून जास्त, आणि झाड हळूहळू माझ्या पुढे जायला लागलं. मी उलटा मागे सरकत होतो.

मग बार दाबला, पण उशीर झाला होता. माथा पायाखालून गेला आणि मागच्या बाजूच्या रोटरमध्ये शिरलो. आवाज आधी आला, चादर झटकावी तसा. उजवा अर्धा पंख गेला. उघडला, पुन्हा गेला. रिझर्वचं हँडल चाचपेपर्यंत करवंदीच्या जाळीत होतो. जाळीने जीव वाचवला, घोटा मात्र दोन ठिकाणी मोडला. गुरं राखणारे दोघं धावत आले. त्यांनी माझाच पंख झोळीसारखा दुमडून मला त्यात घेतलं आणि रस्त्यापर्यंत आणलं. पायात प्लेट आणि सहा स्क्रू. चार महिने घरी.

त्या दिवशी टेकडीवर बसलेले पाचही जण न उडता परत गेले. जो थांब म्हणाला होता तोच माझी गाडी चालवत पुण्याला घेऊन आला, आणि सगळ्या वाटेत एक शब्द बोलला नाही.

म्हणून आता माझे स्वतःचे नियम आहेत. टेकडीवर पोचल्यावर पहिली वीस मिनिटं पिशवी उघडायची नाही. गवत, राब भाजल्याचा धूर, देवळावरचं निशाण, पाणी, घारी, सगळं बघायचं. नुसता वेग बघून भागत नाही, झोत किती मोठे आणि किती वेळाने येतात ते बघायचं. वेग ताशी १५ आणि झोत २५ असेल तर माझ्यासाठी तो दिवस २५ चा. वर माथ्यावर तो अजून वाढणार हे धरायचं.

इंद्रायणीकाठ

एप्रिल-मेच्या ढगांबद्दलही लिहा. वळिवाचे दिवस धोक्याचे असतात ना?

पश्चिमवारा

सगळ्यात धोक्याचे. वळीव वीस किलोमीटरवर पडत असला तरी त्याच्या पोटातून निघालेला थंड वारा आधी आपल्यापर्यंत पोचतो आणि एका मिनिटात दिशा उलटी होते. शिवाय उभ्या वाढणाऱ्या ढगाखाली हवा इतक्या जोराने वर खेचली जाते की पंख खाली आणताच येत नाही. २००७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात मॅनिला इथे एवा विश्नियरस्का ही जर्मन पायलट अशा ढगात ओढली गेली. ९,९४६ मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर. बर्फाने गोठली, अर्ध्या तासाहून जास्त वेळ बेशुद्ध होती आणि तरीही वाचली. त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट वाचला नाही. दुपारी पूर्वेला ढगाची कोबी फुगायला लागली आणि तिचं बूड काळं पडलं की मी पिशवी भरतो. गडगडाट ऐकू यायची वाट बघत नाही.

रोहन_हडपसर

मला फक्त एकदा टँडम करायचंय. काही तयारी?

पश्चिमवारा

घोटा झाकणारे बूट, पूर्ण पँट, पोट हलकं. एकच लक्षात ठेव. पायलट "पळा" म्हणाला की पळायचं आणि तो "बसा" म्हणेपर्यंत पळतच राहायचं, पाय हवेत असले तरी. बहुतेक लोक पंखाने ओढल्याबरोबर घाबरून बसकण मारतात आणि दोघांचाही तोल जातो. उतरताना पाय पुढे, पायलट सांगेल तेव्हा उभं राहायचं. मोबाइल खिशात, खिशाला चेन.

आणि उतारावर दोनच मिनिटं उभा राहून आकाशातली शिस्त बघ. दोन पंख उतारालगत समोरासमोर आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याचा हक्क आधी, कारण त्याला उजवीकडे वळायला जागाच नाही. दुसऱ्याने दरीच्या बाजूला वळून वाट द्यायची. वळताना प्रत्येक जण डोंगराकडे पाठ करूनच वळतो. एकदा हे कळलं की वरची गर्दी गर्दी वाटत नाही.

स्नेहल_चिंचवड

आज चौथा दिवस संपवून आले, म्हणून लगेच लिहितेय. पहिला दिवस पूर्ण सपाटीवर. दंड इतके दुखले की रात्री केस बांधता येईनात. दुसऱ्या दिवशी वारा उलटा, सकाळभर टेकडीवर बसलो आणि खाली आलो. सर म्हणाले, निशाण बघा आणि दर दहा मिनिटांनी वहीत दिशा लिहा. मी खरंच लिहिली, पाच पानं झाली. तिसऱ्या दिवशी बुटक्या उतारावरून पाय सुटले, बहुतेक सहा-सात सेकंद. आज सकाळी अर्ध्या टेकडीवरून पूर्ण उड्डाण. खाली खाचरात भाताची उडवी दिसत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त दोऱ्यांची बारीक शिट्टी. मांड्यांवर थाप मारली होती, पश्चिमवारादादा! भाऊ पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्या वजनाचा पंख विचारून ठेवलाय.

एक प्रश्न. सरांनी सरावासाठी जुना पंख घरी दिलाय आणि त्याला कुसळं भरलीत, शेकड्याने. मशीनला लावू का?

पश्चिमवारा

अभिनंदन! वही जपून ठेव.

मशीनला अजिबात नको. साबणही नको, त्याने कापडावरचा लेप जातो आणि हवा झिरपायला लागते. सावलीत चादर पसर आणि कुसळं हाताने एकेक वेच. ओढू नकोस, ज्या दिशेने शिरलंय त्याच दिशेने पुढे काढ. डाग असेल तर साध्या पाण्यात भिजवलेला मऊ फडका. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नकोस, उन्हात वाळवू नकोस. दोऱ्यांमधली कुसळं आधी काढ, ती पुढच्या वेळी गाठ पाडतात.

कोथरूडची_आई

माझा मुलगाही याच बॅचला होता. काल बसून त्याच्याबरोबर कुसळं मीच वेचली. तीन तास लागले.